ओव्याची यारी आणि हिराजीबाबा

मी आयुष्यात एकच सरकारी अर्ज लिहिला, आणि तो इतका सुंदर लिहिला की जिला वाचवायचं होतं तिलाच मोडीत काढायचा हुकूम आला. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. शाळेत निबंधात माझा पहिला नंबर यायचा, आणि निबंधात पहिल्या येणाऱ्या मुलीला स्वतःबद्दल जे जे वाटतं ते सगळं मला वाटायचं. पनवेलच्या आमच्या आळीत माझ्याइतकं शुद्ध कोणी बोलत नाही, असं मी आरशालाही सांगून ठेवलेलं होतं. शहाण्या माणसाने त्या वयात मला दौत-टाक देऊ नये. पण हिराजीबाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आले. त्यांचं नशीब.

अर्जाचं पुढे सांगते. आधी बाबा कोण आणि त्यांची यारी काय, ते सांगायला हवं.

स्वातंत्र्य मिळून आठ-दहा वर्षं झाली असतील. मला पनवेलजवळच्या ओवे गावच्या शाळेवर नोकरी लागली. आठवडाभर गावातच एका खोलीत राहायचं, शनिवारी शाळा सुटली की पनवेलला घरी. गावाच्या मागे डोंगर, आणि डोंगरात काळ्या दगडाची एक जुनी खाण. ही खाण आडवी न जाता विहिरीसारखी सरळ खाली गेलेली. सत्तर-ऐंशी फूट तरी असेल. तिच्या काठावर एक चौथरा, चौथऱ्यावर सागाच्या तीन जाड खांबांची तिवई, तिवईच्या माथ्यावर एक चाक, चाकावरून खाली गेलेली तारेची दोरी आणि दोरीच्या टोकाला लोखंडी बादली. बादली म्हणजे केवढी, तर दोन माणसं आत उभी राहतील एवढी. दोरी गुंडाळायला दातेरी चाकांचा लोखंडी ढोल, त्याच्या दोन्ही अंगांना हाताने फिरवायचे दांडे आणि एक लांब ब्रेक. वर ओढायला चार गडी लागत. खाली सोडायला एकटा ब्रेकवाला पुरे. या सगळ्या कारभाराला गाव यारी म्हणे, आणि ब्रेकवाला म्हणजे हिराजीबाबा.

यारीचा जन्म ओव्याचा नव्हे. दक्षिणेकडे कुठल्याशा डोंगरात सोन्याच्या खाणींचं गाव होतं. तिथे नवी खाण पाडताना माणसं वरखाली करायला ती विलायतेहून आणलेली. पुढे तिथे वाफेची मोठी यंत्रं आली आणि हिला कोणी विचारेना, तेव्हा ओव्याच्या दगडवाल्या कंत्राटदाराने ती विकत घेतली. गलबतातून पनवेल बंदरात उतरली, सहा बैलजोड्या लावून डोंगरावर चढवली. तिच्याबरोबर तिकडचा एक म्हातारा कारागीर आला होता. त्याने तीन महिने हिराजीबाबांना शिकवलं आणि तो गेला. बाबांना त्याची भाषा येत नव्हती, त्याला बाबांची. तरी सोन्याच्या खाणीचा सगळा कायदा तो बाबांच्या डोक्यात भरून गेला, आणि बाबांनी तो पंचवीस वर्षं दगडाच्या खाणीत पाळला.

कायद्याचं पहिलं कलम घंटा. चौथऱ्यावर एक पितळी घंटा टांगलेली, तिची दोरी खाणीच्या तळापर्यंत सोडलेली. एक ठोका म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली, तीन म्हणजे वर. ब्रेकवर हात असताना हिराजीबाबा घंटेखेरीज कोणाचं ऐकत नसत, आणि कोणाशी बोलतही नसत.

हे मला ठाऊक नव्हतं. मी गेले त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधी खाण बंद पडली होती. कंत्राटदार यारी तिथेच टाकून निघून गेला होता आणि ती सरकारजमा झाली होती. तरी बाबा रोज सकाळी शेतावर जाण्याआधी चौथऱ्यावर जात, चाकांच्या दातांना करंजाचं तेल घालत, ब्रेक ओढून पाहत. पगार कोणी देत नव्हतं. मी शाळेतल्या पोरांना घेऊन एकदा यारी दाखवायला गेले. बाबा ब्रेकपाशी उभे. बुटके, काळे, रुंद छातीचे, डोक्याला लाल रुमाल. मी मास्तरणीच्या आवाजात म्हटलं, "बादली जरा खाली सोडून दाखवता का?" उत्तर नाही. परत म्हटलं, मोठ्याने. बाबा समोरच्या झाडाकडे पाहत राहिले. मी पोरांकडे वळून, त्यांना कमी ऐकू येतं बरं का, असं सांगितलं आणि तिसऱ्यांदा खच्चून ओरडले. पोरं पोट धरून हसायला लागली. बाबा शांतपणे ब्रेक बांधून चौथऱ्यावरून खाली उतरले, आणि माझ्यापाशी येऊन अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बाय, माना ऐकू येतं. तुमाला घंटा दिसत नाय का?"

खाली उतरले की मात्र बाबांसारखा बोलणारा माणूस पंचक्रोशीत नव्हता. त्या सोन्याच्या गावात ते कधी गेले नव्हते, पण तिथलं इतकं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिथल्या पाटलाचे जावई. तिथे म्हणे पावसात रस्त्याची माती चमकते. तिथल्या कोंबड्या दाणे टिपताना सोनं गिळतात, म्हणून तिथे कोंबडी कापताना पोलीस लागतो. त्यांची बायको कमळाबाय दारात मासळी साफ करत हे ऐकत असायची. नवरा फारच वाहवत गेला की ती हातातली सुरी शेजारच्या थाळीवर आपटायची. एकदाच. टण्. बाबा बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबत. पंचवीस वर्षांची सवय, एक ठोका म्हणजे थांब. मग कमळाबाय डोकंही वर न करता मला सांगायची, "यारीनं माजं येक भलं केलंय."

असंच एकदा बाबांनी सांगितलं की यारीच्या दातांच्या फटीत अजून सोनं आहे. तिकडच्या मातीतून आलेलं, जुन्या तेलाच्या कीटात बसलेलं. नीट, एकेका दाताच्या बुडाशी कोरलं तर सापडतं. दुसऱ्या दिवसापासून शाळेची पोरं बाभळीचे काटे घेऊन यारीला लागली. त्यांचं ठीक आहे. पण एका रविवारी मी घरी काहीतरी थाप मारून ओव्यालाच राहिले, आणि दुपारी कोणी नाही असं बघून केसातला आकडा काढून त्या ढोलाच्या दातांत तासभर सोनं शोधत बसले. शुद्ध बोलणारी, निबंधात पहिली. कोपरापर्यंत काळी झाले. आठवडाभरात सगळी चाकं अशी लखलखीत झाली की बाबांनी त्यांना नवं तेल घातलं आणि मला म्हणाले, "बाय, केसाचा आकडा लय बारीक जागी जातो." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यांनी कुठून पाहिलं होतं कोण जाणे.

दोरी तपासायची त्यांची रीतही त्या म्हाताऱ्या कारागिराचीच. हातात कापसाचा बोळा घ्यायचा आणि तारेच्या दोरीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचा. तारेची एखादी बारीक काडी तुटून वर आली असेल तर डोळ्याला दिसत नाही, पण कापूस तिथे अडकतो. जिथे कापूस अडकेल तिथे चुन्याची खूण. बाबा महिन्यातून एकदा हे करत, आणि त्या दिवशी सकाळी तंबाखू खात नसत. बाकीच्या जगालाही ते याच मापाने मोजत. गावात कोणाच्या पोरीसाठी स्थळ आलं की बाबांना विचारायला यायचे. बाबा म्हणायचे, पोरगा दिसायला गुळगुळीत हाय, पण कापूस फिरवला का?

त्यांचा एकच मोठेपणा होता आणि तो ते एरवी कधी सांगत नसत. मला कमळाबायने सांगितला. पंचवीस वर्षांत त्या बादलीतून जेवढी माणसं खाली उतरली तेवढी सगळी वर आली होती.

आता अर्ज. पनवेलचा एक भंगारवाला डोंगरावर येऊन यारीभोवती दोन फेऱ्या मारून गेला आणि गावात बोलवा उठली की सरकार ती विकणार. बाबा त्या संध्याकाळी माझ्या खोलीच्या दाराशी आले, उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. मी म्हटलं, काय लिहू? म्हणाले, "लिवा, यारी चांगली हाय. तिला हाय तिथं ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, पुढे?

"पुडं काय? झालं."

एवढ्याने सरकारला पाझर फुटतो का? मी त्यांना घरी पाठवलं, कंदील मोठा केला आणि चार पानं लिहिली. करुणरसाची मला भारी हौस. यारीला मी वृद्ध माता केली. तिची गात्रं शिथिल झाली आहेत असं लिहिलं. तिचं जराजर्जर शरीर आज आहे उद्या नाही, वाऱ्याच्या एका झुळुकीसरशी ती केव्हा कोसळेल याचा नेम नाही, अशा अनाथ मातेला, हे मायबाप सरकार, आपण आपल्या पंखांखाली घ्यावे. 'पंखांखाली' लिहिताना माझे स्वतःचे डोळे भरून आले. सकाळी बाबांना ते वाचून दाखवलं. त्यांनी अगदी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "हे यारीचंच हाय, का कोना म्हातारीचं?" मी हसले. अडाणी माणसाला काय कळतं साहित्यातलं, असं ते हसू. त्यांनी निमूटपणे अंगठा उठवला.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. यंत्र मोडकळीस आलेले असून केव्हाही कोसळण्याच्या स्थितीत आहे, असे खुद्द अर्जदारानेच कळविले असल्याने, गावकऱ्यांच्या जीविताचा विचार करून ते पंधरा दिवसांत उतरवून भंगारात काढण्यात येईल. धोका वेळीच निदर्शनास आणून दिल्याबद्दल अर्जदाराचे आभार.

खाली साहेबाची सही. अर्जदार, हिराजीबाबा.

तो कागद हातात घेऊन डोंगर चढताना मला दोनदा उलटं फिरावंसं वाटलं. बाबा चौथऱ्यावर तेलाची वाटी घेऊन बसले होते. मी वाचून दाखवलं, काही न गाळता. त्यांनी राहिलेलं तेल उरलेल्या दातांना घातलं. एक थेंबही कमी-जास्त नाही. मी रडत होते. ते मात्र खाली उतरून एवढंच विचारून गेले की पंधरा दिवस आजपासून मोजायचे की कागदाच्या तारखेपासून.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि हुकूम आला त्या कचेरीत गेले. साहेब टक्कल पडलेले, चष्मा कपाळावर ढकललेला, फार वाईट नव्हते. मी म्हटलं, तो अर्ज मी लिहिला आणि त्यातलं एक अक्षर खरं नाही. त्यांनी फाईल काढली, चार पानं परत वाचली आणि म्हणाले, बाई, तुमची भाषा फार प्रभावी आहे. मी आयुष्यात कौतुकाने एवढी कधी मेले नाही. शेवटी ते म्हणाले, मी येऊन पाहतो. माझ्या देखत भार घेऊन यंत्र खाली गेलं आणि वर आलं, तर हुकूम मागे. नाही आलं, तर त्याच दिवशी माणसं लावतो.

ते जीपने आले त्या दिवशी सगळं ओवे डोंगरावर. बाबांनी पहाटेच दोरीवरून कापूस फिरवून घेतला होता. रुमाल धुतलेला. दांड्यांवर चार गडी. बादलीत दगड भरले. साहेब काठावर उभे राहून म्हणाले, सोडा.

बाबा झाडाकडे पाहत राहिले.

साहेबांनी पुन्हा सांगितलं. मग चष्मा डोळ्यांवर घेऊन त्यांनी खिशातलं पेन काढलं, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. धावत जाऊन मी घंटेची दोरी दोनदा ओढली. बादली पिसासारखी खाली गेली. एक ठोका, थांबली. तीन ठोके, वर आली. साहेबांनी पेन तसंच ठेवलं आणि म्हणाले, दगड ठीक आहे, पण कागदावर प्रश्न लोकांच्या जिवाचा आहे. माणूस उतरवून दाखवाल?

गावातले चार-पाच जण पुढे झाले. तेवढ्यात कमळाबायने कमरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "चार पानं लिवताना भ्याली नाय. आता मागं का?"

मग काय, दगड काढल्यावर चढले बादलीत. चापूनचोपून नेसलेली निळी साडी, दोन्ही हातांनी बादलीचा काठ धरलेला, आणि तोंडात रामरक्षेच्या पहिल्या दोनच ओळी, कारण पुढच्या आठवेनात. खाली जाताना ऊन वर राहिलं, गारवा आला. दगडाला नेचे फुटलेले. तळाशी हिरवं पाणी साठलेलं. पाण्याच्या वर दोन पुरुष उंचीवर असताना मी दोरी ओढली. एक ठोका. बादली थांबली. मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

आणि खाली बघते तर पदर. बादलीबाहेर लोंबणारं माझ्या पदराचं टोक खाली भिंतीत ठोकलेल्या एका जुन्या खुंटीला अडकलेलं, आणि बादली थांबताना फिरली तसा तो खांद्यावरून मानेभोवती ताणला गेलेला. माझं सगळं शहाणपण पाण्यात पडलं. घंटेची दोरी हाताला आली तशी खेचत सुटले. चार, पाच, सात, किती ठोके पडले देवाला ठाऊक. वर घ्या हो, वर घ्या, असा आरडाओरडा. वर बायका ओरडायला लागल्या. साहेबही ओरडले, अहो ओढा त्यांना वर, हुकूम आहे माझा. दांड्यावरच्या एका गड्याने जोर लावलासुद्धा. पण ब्रेक बाबांच्या हातात. ब्रेक तसूभर हलला नाही.

हे सगळं मला नंतर कळलं. खाली मला फक्त एवढंच कळत होतं की मी ओरडतेय आणि काही होत नाही. ओरडून ओरडून दमले तेव्हा गप्प झाले, आणि गप्प झाल्यावर दोन्ही हातांना काम आठवलं. काठावरून वाकून पदर खुंटीवरून सोडवला. टरकन फाटला. तो कमरेला खोचला, श्वास घेतला, आणि दोरी ओढली. एक. दोन. तीन. मध्ये नीट अंतर ठेवून, पाढे म्हणवून घेते तशी.

बादली हलली.

वर आले तेव्हा साहेब चांगलेच तापलेले होते. बाबांनी ब्रेक बांधला, चौथऱ्यावरून उतरले आणि मग बोलले. "साएब, तुमी वर हाव, ती खाली हाय. खालच्याला काय झालंय ते तुमाला काय ठावं?"

साहेबांनी माझ्या गळ्यावर उठलेला लाल वळ पाहिला, फाटका पदर पाहिला. मी ओरडताक्षणी बादली ओढली असती तर काय झालं असतं, ते कोणी बोलून दाखवलं नाही. साहेबांनी जीपच्या टपावर कागद ठेवून चार शब्द लिहिले आणि मोठ्याने वाचले, यंत्र उत्तम स्थितीत आहे, जागेवरून हलवू नये.

"मी दुसरं काय सांगितलं होतं?" बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून ते मला अगंतुगं करू लागले. पुढे माझं लग्न झालं, पनवेलच्याच शाळेत बदली झाली, संसार, मुलं, त्यात ओवे मागे पडलं. यारी तिथेच होती. सहलीची मुलं येत, कोणी कोणी फोटो काढून नेत, आणि बाबा त्यांना सोन्याच्या कोंबड्यांचं सांगत.

शेवटचे दिसले ते मी थोरल्या मुलाला यारी दाखवायला घेऊन गेले तेव्हा. डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं. चौथऱ्याच्या पायरीवर, उन्हात पाठ करून बसले होते आणि मांडीवर दोरी घेऊन कापूस फिरवत होते. मला आवाजावरून ओळखलं. कमळाबायने चहा आणला. इकडचं तिकडचं झालं आणि इतक्या वर्षांनी मी एकदाची त्या अर्जाची माफी मागितली. वर हेही म्हटलं की बाबा, मी तुमच्यावर काहीतरी लिहिणार आहे, छापून येईल असं. त्यांनी कापूस बाजूला ठेवला, माझ्या आवाजाच्या दिशेने बघितलं आणि म्हणाले,

"माफी कसली? मी सांगितलं तेवडंच लिवलं असतंस त बगाया कोन आला असता? तुज्या खोट्यानंच यारी वाचली. पन बाय, येक कर. आता माज्यावर काय लिवू नको."